ज्याचे जळते त्यालाच कळते काय?

आपल्या समाजातील एका कुटुंबात नुकताच एक वाद झाला. कुटुंबाचे नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा पस्तिशीचा, दोन वेळा मनोरुग्णालयात राहून आलेला. त्याच्या पुनर्वसनाचे काम पाहणाऱ्या संस्थेने कळविले की, आठवड्यातून दोनदा एक गृहस्थ घरी येतील, मुलाबरोबर बसतील, बोलतील, त्याला बाजारात घेऊन जातील. येथपर्यंत सर्व ठीक होते. मग कळले की हे गृहस्थ स्वतः काही वर्षांपूर्वी अशाच एका वॉर्डात होते. झाले! आई म्हणाली, "आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची काय?" मोठ्या भावाने तर साफ सांगितले, "आम्हाला डॉक्टर द्या. एक वेडा घरात आहेच, दुसरा कशाला?"

बोलणे कठोर आहे; पण बोलणारी माणसे कठोर नाहीत. पंधरा वर्षे ज्यांनी एका आजारी माणसाला जेवू घातले, रात्री-अपरात्री त्याच्यामागे रस्त्यावर धावले, त्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. म्हणून त्यांच्या प्रश्नाचा येथे शांतपणे विचार करू. ज्याचे स्वतःचे मन एकदा मोडले, त्याच्या हाती दुसऱ्याचे मन सोपवावे काय? आणि सोपविले, तर तो माणूस कोणाचा, रोग्याचा की डॉक्टरांचा? पहिला प्रश्न सर्वजण विचारतात. मला दुसरा अधिक अवघड वाटतो.

प्रथम व्यवस्था काय आहे ती सांगते, कारण आपल्यापैकी पुष्कळांना ती ठाऊक नसते. मनाच्या आजाराने अपंग झालेल्यांचे समाजात राहून पुनर्वसन व्हावे, यासाठी क्नेसेटने २००० साली कायदा केला. वय १८ च्या वर आणि मानसिक कारणाने किमान ४० टक्के अपंगत्व ठरले असेल, तर अशा व्यक्तीला समितीपुढे अर्ज करता येतो. समिती जे मंजूर करते त्याला 'साल शिकूम' म्हणतात, म्हणजे पुनर्वसनाची टोपली. राहण्याची सोय, कामधंदा, अपुरे शिक्षण, फावल्या वेळेचे उद्योग, दातांचे उपचार, कुटुंबाला मार्गदर्शन, असे बरेच काही त्या टोपलीत असते. उपचारांची जबाबदारी जुलै २०१५ पासून कुपात होलिमकडे आली. टोपली मात्र आरोग्य मंत्रालयाकडेच राहिली. या सेवांमधून आणि रुग्णालयांमधूनही, ज्यांनी हा आजार स्वतः भोगला आहे अशी माणसे पगारावर नेमली जाऊ लागली आहेत. रुग्णालयात अशा माणसाला 'अमित मुम्खे' म्हणतात. आपल्याकडे अमित हे मुलाचे नाव. हिब्रूत अमित म्हणजे बरोबरीचा, सोबती. मी त्याला येथे सोबतीच म्हणेन.

हे खूळ आजचे नाही. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या रुग्णालयात अठराव्या शतकाच्या अखेरीस प्युसाँ नावाचा एक कारभारी होता. तो तेथे प्रथम आला तो रोगी म्हणून. त्याला गंडमाळ झाली होती. बरा झाल्यावर तेथेच कामाला राहिला आणि वेड्यांच्या विभागाचा प्रमुख झाला. डॉक्टर पिनेल १७९३ साली तेथे आले. वेड्यांच्या बेड्या काढणारा म्हणून जगात पिनेलचे नाव झाले, पण बिसेत्रच्या बेड्या प्रत्यक्ष प्युसाँने काढल्या. त्याची एक रीत होती. नोकर नेमताना तो बऱ्या झालेल्या रोग्यांना पुढे घेई, कारण ती माणसे मारहाण करीत नसत. जिने मार खाल्ला आहे, तिला मारताना हात आवरतो, एवढा साधा हिशोब.

दारू सोडणाऱ्यांची गोष्ट आपणांस माहीत असेल. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यवैद्य, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांना भेटले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' निघाले. पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले, त्यास पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा आधार होता. तेथेही व्यसनातून सुटलेली माणसेच पुढे कार्यकर्ते व सल्लागार झाली. व्यसनाच्या बाबतीत ही गोष्ट लोकांनी लवकर मानली. 'हा पूर्वी पीत असे' हे वाक्य ऐकून आपण माणसाला चहा देतो. 'हा पूर्वी भ्रमिष्ट होता' हे ऐकले की कप उचलून ठेवतो. मनाच्या आजाराला सरकारी आरोग्यविम्यातून सोबत्याचा पगार मिळायला १९९९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने गरिबांच्या आरोग्यविम्यातून तशी सोय केली.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. आंधळा आंधळ्याला काय दाखविणार?

मी तीस वर्षे शाळेत गणित शिकविले. अपूर्णांकांचा धडा आला की वर्गातील निम्मी मुले खिडकीबाहेर पाहू लागत. मी फळ्यावर पुन्हा पुन्हा छेद समान करून दाखवी. तरी एखादे मूल अडलेलेच. अशा वेळी मी त्याला वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलाशेजारी बसवीत नसे. गेल्या वर्षी ज्याला हेच येत नव्हते आणि यंदा जेमतेम येऊ लागले आहे, त्याच्याशेजारी बसवी. तो म्हणे, "खालचा आकडा बघून घाबरू नकोस, तो फक्त तुकडे किती केले ते सांगतो." बस्स, गाडी पुढे निघे. त्या मुलाला माझ्याहून गणित जास्त येत होते असे नाही. कोठे पाय अडकतो ते त्याला आठवत होते. मला अपूर्णांक कधी काळी अवघड वाटले होते, हे मी केव्हाच विसरून गेले होते.

डॉक्टरांचे तसेच आहे. गोळी किती मिलिग्रॅमची, रक्त कधी तपासायचे, हे त्यांनाच ठाऊक आणि ते त्यांनीच ठरवावे. पण त्या गोळीने सकाळी हात थरथरतो आणि पाहुण्यांसमोर चहा बशीत सांडतो, तेव्हा काय करावे? रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्या शुक्रवारी टेबलाभोवती सगळे आपल्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत असतात, तेव्हा नजर कोठे ठेवावी? लग्नात कोणी विचारले, "इतके दिवस कुठे होतास रे?" तर खोटे न बोलता काय सांगावे? या प्रश्नांची उत्तरे औषधाच्या पुस्तकात नसतात. ज्याने हे दिवस काढले त्याच्याजवळ असतात.

आपल्या तल्मूदमध्ये, नेदारिमच्या प्रकरणात, आजाऱ्याच्या भेटीस जाण्याविषयी एक चर्चा आहे. भेटीस येणारा आजाराचा साठावा भाग उचलून नेतो, असे तेथे म्हटले आहे. मग साठ जण बोलावले की काम झाले, असे आपल्याला वाटेल; तेथेही कोणी तसे विचारतोच. त्यावर खुलासा असा की, प्रत्येक जण उरलेल्याचा साठावा भाग नेतो, आणि शिवाय तो 'बेन गिलो' असावा लागतो. बेन गिलोचा अर्थ त्याच वयाचा, त्याच नक्षत्राचा, त्याच्यासारखा. बिकुर होलिम आपण सर्वजण करतो, परंतु ही अट आपण सहसा विसरतो. वजन उचलण्याची शक्ती प्रत्येकाच्या येण्यात नाही. आणि बेन गिलोसुद्धा साठावाच भाग नेतो. तो काही आजार घेऊन जात नाही.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण सोबत्यांची बाजू घेणारे लोक कधी कधी फार उत्साहात बोलतात. ज्याचे जळते त्याला कळते खरे, पण त्याला कळते ते त्याचे स्वतःचे जळणे. एकाला आवाज ऐकू येत होते, दुसरा सहा महिने अंथरुणातून उठला नव्हता. दोघांचे दुःख एक नाही. "मी गोळ्या सोडल्या, मला काही झाले नाही, तूही सोड," असे सांगणारा सोबती वैऱ्याचे काम करील. नुसते दुःख भोगले म्हणजे शहाणपण येत नाही. दुःख भोगून नुसती कटू झालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून या माणसांना शिकवावे लागते. आपली हकीकत केव्हा सांगावी, किती सांगावी, आणि मुख्य म्हणजे केव्हा गप्प बसून समोरच्याची ऐकावी, हे शिक्षणानेच येते.

याचा उपयोग होतो की नाही, ते लोकांनी मोजूनही पाहिले आहे. २०१३ साली कोक्रेन या संस्थेने ११ चाचण्या एकत्र तपासल्या; तेच काम करणाऱ्या व्यावसायिकांपेक्षा सोबत्यांचे काम वाईट ठरले नाही आणि फारसे सरसही नाही. इंग्लंडमध्ये ४४१ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सोबत्याचा आधार मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेची गरज पडली, इतरांत ३८ टक्क्यांना. २०२२ साली तेथीलच दुसऱ्या मोठ्या चाचणीत, रुग्णालयातून घरी सोडलेल्यांच्या पुन्हा भरती होण्यात मात्र फरक दिसला नाही. म्हणजे जादू नाही. तरी अभ्यास चालूच आहे. आपणांस ऐकून आनंद होईल की, २०१८ साली सुरू झालेल्या अशा एका मोठ्या प्रकल्पात जर्मनी, युगांडा व टांझानिया यांच्याबरोबर आपले बेअर शेवा आणि पुणे ही दोन्ही गावे एकत्र होती.

आता तो दुसरा प्रश्न: सोबती माणूस कोणाचा?

समजा, तो रुग्णालयात कामाला लागला. सकाळी बैठक असते. डॉक्टर, परिचारिका, समाजसेविका, मानसशास्त्रज्ञ बसतात आणि एकेका रोग्याविषयी बोलतात. आता त्या टेबलाशी सोबतीही बसतो. आदल्या संध्याकाळी मागच्या अंगणात सिगारेट ओढताना एका रोग्याने त्याला सांगितले आहे, "मी गोळ्या जिभेखाली ठेवतो आणि मग थुंकून टाकतो. तू आपला आहेस म्हणून सांगितले." आता त्याने काय करावे?

बैठकीत सांगितले, तर दुपारपर्यंत वॉर्डात सर्वांना कळेल की हा सोबती म्हणजे डॉक्टरांचा कान आहे. त्यानंतर त्याला कोणी काही सांगणार नाही, आणि ज्या एका गोष्टीसाठी त्याला नेमले तीच संपली. न सांगावे, तर रोग्याचा आजार उलटेल. आणि सहकाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे व त्यांच्यापासून चोरून ठेवायचे, हाही एक विश्वासघातच. 'आपला' म्हणून मिळालेली गोष्ट पगार देणाऱ्याला द्यायची की नाही, हा पेच वकिलाला नाही, कारण त्याचा अशील एकच. डॉक्टरलाही इतका नाही, कारण रोग्याने डॉक्टरला सांगितले ते उपचारासाठीच सांगितले. सोबत्याला मात्र दोन धनी आहेत.

मला यातून जी वाट दिसते ती अशी. सीमा कोठे आहे ते पहिल्या दिवशीच सांगितले पाहिजे, पेच पडल्यावर नव्हे. सोबत्याने भेटताच म्हणावे: "तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. बाकीचे तुझे तुझ्याजवळ." जिवाच्या धोक्यापुढे आपल्या धर्मात शब्बाथसुद्धा थांबतो, मग गुपिताचे काय! पण गोळ्या थुंकणे हे बहुधा या दोहोंच्या मधले असते. तेथे त्याने म्हणावे, "हे तू डॉक्टरांना सांग. एकटा जाऊ नकोस, मी बरोबर येतो." सांगणे रोग्याचे, शेजारी उभे राहणे सोबत्याचे. डॉक्टर रागावले तर रागाचा निम्मा वाटा तो घेईल. कदाचित असेही निघेल की गोळीने त्या माणसाची झोप उडाली आहे, किंवा पुरुष म्हणून सांगायला लाज वाटेल असा काही त्रास होतो आहे, आणि डॉक्टर ती बदलून देतील. रोग्याने नाहीच म्हटले तर? तर सोबत्याने उद्या पुन्हा विचारावे, परवा पुन्हा. या दोन दिवसांचा धीर रुग्णालयाने त्याला द्यायला हवा. तो नसेल तर सोबती नेमूच नये.

फाइलीचाही प्रश्न आहे. सर्वजण लिहितात तसे त्यानेही रोज लिहावे काय? माझ्या मते थोडेच लिहावे, आणि ज्याच्याविषयी लिहायचे त्याला शेजारी बसवून लिहावे.

टेबलाशी बसलेल्या बाकीच्यांचेही ऐकले पाहिजे. कालपर्यंत ज्याला आपण इंजेक्शन दिले, तो आज आपल्या शेजारी कॉफी पितो, हे परिचारिकेला चमत्कारिक वाटणारच. बंद वॉर्डात तर किल्ली असते. नोकरांजवळ किल्ली, रोग्यांजवळ नाही. दोघांतला फरक त्या एका लोखंडाच्या तुकड्याने ठरतो. सोबत्याला किल्ली द्यावी काय? न द्यावी, तर तो दार वाजवीत उभा राहील आणि सर्वांसमक्ष रोगीच ठरेल. द्यावी, तर ज्या दारामागे तो स्वतः अडकला होता तेच दार तो दुसऱ्यावर बंद करील. मी तरी द्यावी असे म्हणते. दार बंद करताना त्याच्या हाताला जे जड वाटेल, ते त्याने दुपारच्या बैठकीत बोलून दाखवावे. असे बोलणारा कोणी त्या खोलीत यापूर्वी नव्हता. तो बसला म्हणजे रोग्यांवरचे विनोद थांबतात, हाही लाभ लहान नाही. मात्र एकटा सोबती नेमू नये, दोन तरी नेमावेत. एकट्याचे दोनपैकी एक होते. पांढरा कोट घालून तो छोटा डॉक्टर बनतो, किंवा पाहुणे आले की दाखवायची वस्तू बनतो.

आणि तो पुन्हा आजारी पडला तर? बेराखोतमध्ये रब्बी योहानान यांची गोष्ट आहे. रब्बी हिया आजारी पडले तेव्हा योहानान त्यांच्याकडे गेले. तुम्हाला ही दुःखे प्रिय आहेत काय, असे विचारले. हिया नाही म्हणाले; दुःखेही नकोत आणि त्यांचे बक्षीसही नको. योहानान यांनी हात मागितला आणि त्यांना उठवले. पुढे योहानान स्वतः आजारी पडले, आणि तोच प्रश्न विचारून रब्बी हनिना यांनी त्यांना हात दिला. ज्याने दुसऱ्याला उठवले त्याला स्वतःलाच का उठता आले नाही, असे तेथे विचारले आहे. कैदेत असलेल्याला दार बाहेरूनच उघडावे लागते, अशा अर्थाचे उत्तर आहे. पुन्हा आजारी पडले म्हणून योहानान यांनी पूर्वी दिलेला हात खोटा ठरला असे कोणीही म्हणत नाही. हृदयविकाराच्या डॉक्टरला झटका आला तर आपण त्याची पदवी काढून घेत नाही. रजा द्यावी, उपचार करावेत, बरा झाला की कामावर घ्यावे. एवढेच की ज्या वॉर्डात तो काम करतो तेथेच त्याला भरती करू नये.

पैशांविषयी थोडक्यात. "ही तर मित्स्वा आहे, पगार कशाला?" असे म्हणणारे भेटतात. ते हे डॉक्टरांना म्हणत नाहीत. फुकट येणाऱ्याला टेबलाशी खुर्ची मिळते, मत मिळत नाही. कमाई झाली की बितुआह लेउमीचा भत्ता बंद होईल ही भीती खरी होती. २००९ साली अंमलात आलेल्या लारोन कायद्याने ती बरीच कमी केली. तरी काम धरण्यापूर्वी आपल्या बाबतीत काय होईल ते विचारून घ्यावे.

राहता राहिले आपण. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना हिब्रूत बाजारहाट करता येतो, पण दुखते कोठे ते मराठीतच सांगता येते. त्यांच्याकडे मराठी बोलणारा सोबती आला तर किती बरे, असे वाटते. पण दुसरी बाजू पाहा. अश्दोदला कोणी शिंकले तर दिमोनात रुमाल निघतो, एवढा आपला समाज. सोबती आपल्यातलाच असेल तर आजारी माणूस दार उघडेल काय? की याची मावशी आपल्या मामीला ओळखते, म्हणून ओठ शिवून बसेल? मुलीचे लग्न व्हायचे असेल तर नक्कीच बसेल. म्हणून ही निवड आजाऱ्याला द्यावी. त्याला विचारावे: आपला हवा की परका? हिब्रूत परक्यापाशी बोलणे काही जणांना सोपे जाते, आणि त्यात समाजाला राग मानण्यासारखे काही नाही.

आपल्यातून कोणी हे काम करायला पुढे आला, तर त्याला पहिल्या दिवशी अनोळखी माणसासमोर एक वाक्य बोलावे लागेल: मी आजारी होतो. हिब्रूत ते वाक्य तो म्हणू शकेल, कारण त्या भाषेत त्याला कोणी लहानपणी चिडविलेले नाही. मराठीत काय म्हणेल? आपल्याजवळ वेडा आहे, खुळा आहे, भ्रमिष्ट आहे, डोके फिरले आहे, वारा लागला आहे. यांतील प्रत्येक शब्द दुसऱ्याविषयी बोलण्यासाठी आहे, स्वतःविषयी यांतला एकही घेता येत नाही. 'मनोरुग्ण' कागदावर चालतो, स्वयंपाकघरात कोणी बोलत नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी आजी-आजोबांच्या तोंडी याहून सौम्य शब्द असेल, तर तो संपादकांकडे लिहून पाठवावा.